रोड बाईकची ड्राइव्हट्रेन: पैसे कुठे घालावेत, कुठे हात आखडावा

रोड बाईक घेताना ड्राइव्हट्रेनचा, म्हणजे पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत जोर नेणाऱ्या भागांचा विषय निघाला की '१०५ घेऊ की अल्टेग्रा?' हा प्रश्न ठरलेलाच. १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस हे शिमानो कंपनीच्या ग्रुपसेटचे, म्हणजे गिअर-ब्रेकच्या पूर्ण संचाचे, चढत्या किमतीचे दर्जे. खिशात थोडी जास्त ऊब असेल तर पुढचं वाक्य येतं, 'सरळ ड्युरा-एस घेतो. एकदाच खर्च, मग बघायलाच नको.' गफलत आहे ती या वाक्यात. ड्युरा-एस शर्यतीसाठी बनते. तिथे आपण वजन वाचवण्याचे आणि अचूक गिअर पडण्याचे पैसे मोजतो. टिकाऊपणा त्या किमतीत मिळतोच असं नाही, आणि एक-दोन भाग तर स्वस्त भावंडांपेक्षा लवकर झिजतात.

इथली उदाहरणं मुख्यतः शिमानोच्या १२-स्पीड (मागे १२ चकत्या असलेल्या) ग्रुपसेटची आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक रोड बाईकवर शिमानोच असतं. डिस्क ब्रेक आणि डीआय२ (बॅटरीवर गिअर बदलणारी यंत्रणा) धरून पूर्ण ग्रुपसेटचं वजन ड्युरा-एसचं साधारण २.४ किलो, अल्टेग्राचं २.७ आणि १०५ चं ३ किलोच्या आसपास. म्हणजे सर्वांत वरच्या आणि तिसऱ्या पायरीत एका भरलेल्या पाण्याच्या बाटलीइतका फरक. किमतीतला फरक मात्र एका चांगल्या सायकलीएवढा.

पायरी १: झिजणारे आणि टिकणारे भाग वेगळे करा

कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. एकीकडे चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), चेनरिंग (पॅडलजवळच्या दातेरी चकत्या), डिरेलरच्या पुली, गिअरच्या केबल आणि बॉटम ब्रॅकेटची (क्रँक जिथे फिरतो त्या जागेची) बेअरिंग. हे सगळं गाडीच्या टायरसारखं, वापराल तसं संपणारं. दुसरीकडे शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची लिव्हर), पुढचा-मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) आणि क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यांना लागतात ते, हात. सायकल पडली नाही आणि वेळच्या वेळी साफ राहिली, तर हे भाग वर्षानुवर्षं चालतात.

वरच्या दर्जाचा पैसा घालायचाच असेल तर तो दुसऱ्या रकान्यात घाला. शिफ्टरची पकड आणि डिरेलरची अचूकता रोज हाताला जाणवते, आणि ती वस्तू एकदाच घ्यावी लागते. पहिल्या रकान्यातल्या वस्तू पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणार, म्हणून तिथे मधला दर्जा बरा. शिमानोच्या १२-स्पीड रोड ग्रुपसेटमध्ये ही सरमिसळ बिनधास्त चालते. ड्युरा-एसच्या डिरेलरवर १०५ ची ११-३४ कॅसेट (सर्वांत लहान चकतीला ११ दाते, सर्वांत मोठीला ३४) आणि अल्टेग्राची चेन उत्तम चालते. एकच पथ्य पाळा. १०५ ची ११-३६ कॅसेट घेताना डिरेलरची मर्यादा बघा. १०५ चा डीआय२ डिरेलर ३६ दात्यांपर्यंत जातो, अल्टेग्रा आणि ड्युरा-एसची अधिकृत मर्यादा ३४ आहे.

पायरी २: कॅसेट कशाची बनलीय ते बघा

ड्युरा-एसच्या १२-स्पीड कॅसेटमध्ये सर्वांत मोठ्या ५ चकत्या टायटॅनियमच्या असतात. ११-३० ची कॅसेट त्यामुळे २२५ ग्रॅमच्या आतबाहेर येते. अल्टेग्राची त्याच मापाची कॅसेट २९० ग्रॅमच्या आसपास, कारण तिच्या चकत्या निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या असतात. टायटॅनियम हलकं आहे, गंजत नाही, पण चेनच्या घासण्यापुढे कडक स्टीलइतका तग धरत नाही. आणि या मोठ्या चकत्या आपण वापरतो कुठे? घाटात. खंडाळा चढताना, सिंहगडावर जाताना कमी वेगात, पूर्ण जोर लावून. म्हणजे ज्याने घाटासाठी म्हणून महागडी कॅसेट घेतली, त्याचेच टायटॅनियमचे दाते सगळ्यांत आधी झिजतात.

किमतीचं गणित असं की ड्युरा-एसची कॅसेट अल्टेग्राच्या साधारण तिप्पट किमतीला पडते आणि अल्टेग्राची १०५ च्या दीड ते दुप्पट. शर्यतीच्या दिवशी घालायला एक वेगळं चाक ठेवणाऱ्याने ड्युरा-एसची कॅसेट जरूर घ्यावी. रोजच्या सरावाला आणि २००-३०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला) स्टीलचीच बरी.

अल्टेग्राच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे, तो नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. अल्टेग्रात मोठ्या चकत्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर एकत्र बसवलेल्या असतात. सुट्या चकत्या हबच्या ॲल्युमिनियम फ्रीबॉडीत (कॅसेट जिच्यावर बसते त्या नळकांड्यात) रुततात आणि तिच्या कडांवर खाचा पाडतात. मग कॅसेट काढताना एकेक चकती हातोडीने ठोकून सोडवावी लागते. सांगाड्यामुळे जोर जास्त रुंदीवर विभागला जातो आणि फ्रीबॉडी वाचते. चाक महाग आणि हलक्या फ्रीबॉडीचं असेल तर अल्टेग्राचे जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात.

पायरी ३: चेन मोजायला शिका

संपूर्ण ड्राइव्हट्रेनचं आयुष्य चेन ठरवते. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि आतल्या पट्टीच्या जोडात धूळ शिरते, तेलात मिसळून तिची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते, आणि प्रत्येक जोड केसभर सैल होतो. ११० पेक्षा जास्त जोडांचा केसभर सैलपणा एकत्र आला की चेन लांब होते.

नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. म्हणून २४ कड्या म्हणजे १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. मोजण्यासाठी स्टीलची फूटपट्टी पुरते. चेन मोठ्या चेनरिंगवर घ्या, पॅडलवर हलका दाब देऊन ताठ ठेवा, पट्टीचा शून्य एका पिनच्या डाव्या कडेला लावा आणि २५ व्या पिनची डावी कड कुठे येते ते बघा.

३०४.८ वर असेल तर चेन नवी आहे. ३०६.३ वर गेली तर ०.५ टक्के झीज झाली. ११ आणि १२-स्पीडची चेन इथेच बदला. ८, ९, १० स्पीडला ०.७५ टक्के, म्हणजे ३०७.१ पर्यंत चालवता येतं. त्यापुढे गेलात तर चेन कॅसेटला सोबत घेऊन जाते.

बाजारात मिळणारा साधा दोन टोकांचा चेन चेकर रोलरची ढिलाईही मोजतो, त्यामुळे तो झीज जरा जास्त दाखवतो. शिमानोचा टीएल-सीएन४२ किंवा पार्क टूलचा सीसी-४ अशा तीन टेकूंच्या चेकरमध्ये ही चूक नसते. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या एएक्सएस फ्लॅटटॉप (एक कड सपाट असलेल्या) चेनचे रोलर मोठे असतात, तिच्यावर साधा चेकर भलताच आकडा देतो. तिच्यासाठी त्या चेनला चालतो असं स्पष्ट लिहिलेला चेकरच घ्या.

मोजायचं दर ५०० किलोमीटरला, आणि पावसाळ्यात दर लांब राईडनंतर. तेलावर चालणारी चेन कोरड्या रस्त्यावर साधारण ३ ते ५ हजार किलोमीटर जाते. पावसात, विशेषतः कोकणातल्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर, तीच चेन दीड-दोन हजारांत संपलेली दिसते. ती माती बारीक असते, पाण्याबरोबर रोलरच्या आत जाऊन बसते आणि वरून पुसून निघत नाही.

पायरी ४: हिशेब मांडा

खालचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेत. तुमच्या दुकानातल्या किमती घालून पुन्हा मांडा. चेन ३,००० रुपये, १०५ ची कॅसेट ५,५००, दोन्ही चेनरिंग मिळून १२,०००, ड्युरा-एसची कॅसेट २८,०००. अंतर १२,००० किलोमीटर.

वेळेवर चेन बदलणाऱ्याला ३ चेन आणि १०५ ची एक कॅसेट लागली, १४,५०० रुपये. किलोमीटरला १ रुपया २१ पैसे.

एकच चेन शेवटपर्यंत ओढणाऱ्याची चेन, कॅसेट आणि दोन्ही चेनरिंग एकदमच गेली, २०,५०० रुपये. किलोमीटरला १ रुपया ७१ पैसे. शेवटचे काही हजार किलोमीटर गिअर धड पडले नाहीत ते वेगळंच.

वेळेवर चेन बदलून ड्युरा-एसची कॅसेट वापरणाऱ्याला ३७,००० रुपये, किलोमीटरला ३ रुपये ८ पैसे.

म्हणजे 'चेन महाग पडते' म्हणून ती न बदलणं हा सगळ्यांत महागडा काटकसरीपणा आहे.

चेनच्या बाबतीत मात्र एक पायरी वर जायला हरकत नाही. वरच्या दर्जाच्या चेनमध्ये सिल-टेक नावाचा घर्षण कमी करणारा मुलामा जास्त भागांवर असतो, आणि १०५ पासून अल्टेग्राच्या चेनवर जायला फार पैसे लागत नाहीत. ड्युरा-एसच्या चेनच्या पोकळ पिना मात्र जेमतेम १० ग्रॅम वाचवण्यासाठी आहेत. रोजच्या वापरात त्यांचा काही उपयोग नाही.

पायरी ५: चेन बदला

जुनी चेन आणि नवी चेन शेजारी टांगून लांबी जुळवू नका. ०.५ टक्के झिजलेली ११६ कड्यांची चेन सात-साडेसात मिलिमीटर लांब झालेली असते, आणि तिच्याशी टोक जुळवताना एक कडी चुकू शकते. कड्या मोजा. जुनीत जितक्या होत्या तितक्याच नवीत ठेवा. जुनीची लांबी मुळात बरोबर होती की नाही याची शंका असेल तर चेन डिरेलरमधून न नेता मोठी चेनरिंग आणि मोठी चकती यांवरून गुंडाळा, जिथे टोकं जुळतात तिथून आणखी २ कड्या सोडून कापा.

शिमानोच्या चेनवर अक्षरं असलेली बाजू बाहेर ठेवा. क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) चेनच्या स्पीडचीच हवी, ११ ची लिंक १२ ला लावू नका. तिच्यावर बाण असेल तर तो चेन ज्या दिशेने फिरते त्या दिशेला. शिमानोची क्विक लिंक एकदा काढली की पुन्हा वापरायची नसते. जोडल्यावर ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पॅडलवर जोर द्या, 'टक्' असा आवाज आला की बसली. पुढे एक सुटी लिंक सीटच्या पिशवीत कायम राहू द्या.

कॅसेट बसवायची असेल तर फ्रीबॉडीच्या खाचा पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा, चकत्यांमधल्या रिंगा क्रमाने ठेवा आणि लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा. हाताच्या अंदाजाने हे नवख्याला जमत नाही. जवळ टॉर्क पान्हा नसेल तर एवढं काम दुकानातून करून घ्या.

नवी चेन घातली आणि जोर लावताच ती उडायला लागली, तर दोष चेनचा नाही. तुमच्या आवडत्या दोन-तीन चकत्यांचे दाते जुन्या लांब चेनच्या मापाने झिजलेत, त्यांच्या खाचा लांबट झाल्यात. १२.७ ची नवी चेन तिथे एक-दोन दात्यांवरच टेकते आणि जोर आला की वर चढते. कॅसेट बदलण्यावाचून इलाज नाही. १०५ मध्ये काही चकत्या सुट्या असतात, पण त्या सुट्या मिळतील याची खात्री दुकानात आधी करून घ्या.

चेनरिंगची घाई करू नका. ५० दात्यांच्या मोठ्या रिंगवर जोर अनेक दात्यांत वाटला जातो. चेन वेळेवर बदलत राहिलात तर एका रिंगच्या आयुष्यात दोन-तीन कॅसेट सहज होतात. ३४ ची लहान रिंग घाटात राबते, ती आधी जाते. दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेले दिसले, किंवा जोर लावताना चेन रिंगला चिकटून वर ओढली जाऊ लागली, तर तिचे दिवस भरले.

पायरी ६: तेल की मेण

ड्राइव्हट्रेनचं आयुष्य वाढवणारा सर्वांत मोठा उपाय ग्रुपसेटच्या दर्जात नाही, चेनच्या आत काय भरलंय त्यात आहे. गरम मेणात बुडवलेली चेन बाहेरून कोरडी राहते, धूळ तिला चिकटत नाही, आणि नीट काळजी घेतली तर ती तेलावरच्या चेनच्या दुप्पट अंतर सहज जाते. कष्ट पहिल्या दिवशी लागतात.

नव्या चेनवरचं कारखान्याचं ग्रीस पूर्ण काढावं लागतं, नाहीतर मेण आत जातच नाही. झाकणाच्या बरणीत चेन घाला, ती बुडेल एवढं मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा, १५ मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. द्रव स्वच्छ दिसेपर्यंत असं दोन-तीनदा करा. शेवटचे एक-दोन हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे द्या, म्हणजे टर्पेंटाइनचा तेलकट थर निघेल. हे काम उघड्यावर, शेगडीपासून लांब करा. पेट्रोल वापरू नका, आणि उरलेला द्रव मोरीत ओतू नका.

चेन पूर्ण वाळली की ५०० ग्रॅम शुद्ध पॅराफिन किंवा चेनसाठी मिळणारं मेण भांड्यात वितळवा. भांडं थेट आचेवर ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात ठेवा किंवा थर्मोस्टॅट असलेलं विजेचं भांडं वापरा. ९० अंशांच्या आसपास मेण पाण्यासारखं पातळ होतं. चेन तारेत ओवून त्यात सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० मिनिटं, हळूहळू हलवत राहा. बुडबुडे म्हणजे रोलरमधली हवा बाहेर येतेय आणि तिच्या जागी मेण जातंय. काढून टांगा आणि गार होऊ द्या. चेन काठीसारखी ताठ होईल. एखाद्या नळीवरून ओढून प्रत्येक जोड मोकळा करा. पहिली काही किलोमीटर गिअर जड पडतात, नंतर मोकळे होतात.

दर ३०० किलोमीटरला पुन्हा बुडवायचं. पावसात भिजलेली मेणाची चेन तशीच ठेवलीत तर सकाळी तिच्यावर गंजाचे ठिपके दिसतील. घरी आल्या आल्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि त्याच दिवशी मेणात घाला किंवा निदान बाटलीतलं थेंबांचं मेण द्या. एवढी शिस्त जमणार नसेल तर पावसाळ्याचे चार महिने चांगलं वेट ल्यूब (पावसात टिकणारं तेल) वापरा आणि प्रत्येक राईडनंतर चेन पुसा. ऑक्टोबरमध्ये नवी चेन मेणावर सुरू करा. ही विभागणी आपल्या हवामानाला चांगली जुळते.

आम्लाचे किंवा अल्कलीचे गंज काढणारे द्रव चेनला लावू नका. कडक स्टील त्यांनी ठिसूळ होतं आणि भर चढावर चेन तुटते. गाड्या धुण्याच्या केंद्रातला जोराचा फवाराही बॉटम ब्रॅकेट आणि पुलीच्या बेअरिंगवर मारू नका. पाणी सीलच्या आत शिरतं, आणि बाहेर यायला वाट नसते.

पायरी ७: केबल, बॅटरी, हँगर

केबलवर चालणाऱ्या ११-स्पीड शिमानो शिफ्टरमध्ये गिअरची केबल लिव्हरच्या आत तीव्र वळण घेते आणि तिथेच तिचे तंतू एकेक करून तुटतात. शेवटच्या दोन-तीन चकत्यांवर गिअर आळसावले की लगेच केबल बदला. आत तुटली तर तुकडे शिफ्टरच्या यंत्रणेत अडकतात आणि काही शे रुपयांच्या केबलपायी पूर्ण लिव्हर जाऊ शकते. वर्षातून एकदा किंवा ४-५ हजार किलोमीटरला बदलली की पुरे.

डीआय२ मध्ये ही कटकट नाही, आणि पावसात फिरणाऱ्यासाठी टिकाऊपणाच्या दृष्टीने वरच्या किमतीचं हेच खरं समर्थन आहे. १२-स्पीड डीआय२ चं चार्जिंग मागच्या डिरेलरवरून होतं. त्या जागेचं झाकण नीट बसवा, आणि भिजल्यावर ती पूर्ण कोरडी केल्याशिवाय चार्जर लावू नका.

सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली आणि गिअर बिघडले, तर डिरेलरला दोष देण्याआधी हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, बघा. मऊ ॲल्युमिनियमचा हा तुकडा फ्रेम वाचवण्यासाठी स्वतः वाकतो. दुकानात मापाच्या पट्टीने तो सरळ करून मिळतो. फ्रेमच्या मापाचा एक जादा हँगर घरी ठेवा, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

सिरॅमिक बेअरिंग आणि डिरेलरचे मोठ्या पुलीचे पिंजरे नवख्याने घेऊ नयेत. त्यांतून वाचते ती मोजकी शक्ती, आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त स्वच्छ चेन कमी पैशात वाचवते.

पायरी ८: वापरलेला वरचा ग्रुपसेट घेताना

वापरलेला अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस हा कमी पैशात चांगला माल असू शकतो, कारण शिफ्टर-डिरेलर टिकतात. किंमत ठरवताना चेन, कॅसेट आणि केबल शून्य रुपयांच्या धरा.

क्रँक मात्र डोळ्यात तेल घालून बघा. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये ११-स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे काही क्रँक तपासणीसाठी परत मागवले. एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि पॉवर मीटर असलेला एफसी-आर९१००-पी हे ते मॉडेल, जुलै २०१९ च्या आधी बनलेले. हे हात दोन भाग चिकटवून पोकळ बनवलेले होते आणि तो जोड उकलून क्रँक तुटण्याच्या घटना घडल्या होत्या. १०५ चे क्रँक या यादीत नव्हते.

क्रँकच्या हाताच्या मागच्या बाजूला उत्पादनाची दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ती शिमानोच्या अधिकृत यादीशी ताडून बघा. यादीतला क्रँक असेल तर विक्रेत्याकडे तपासणीची पावती मागा. मग क्रँकचा हात स्वच्छ पुसा, जोडाच्या रेषेवर टॉर्चचा तिरका प्रकाश टाका आणि नखाने रेष चाचपा. फट, फुगवटा किंवा नख अडकणारी कड लागली तर तो क्रँक घेऊ नका. जोर लावताना तिथून कुरकुर येत असेल तरीही नको. सगळं ठीक असेल तर बसवताना टोकाची प्लॅस्टिकची टोपी फक्त हाताने, ढिलाई जाईपर्यंत फिरवा, आणि क्रँकच्या डाव्या हाताचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत १२ ते १४ न्यूटन-मीटरवर न्या. पहिल्या १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्हा पुन्हा एकदा लावून बघा.